पाळधीच्या चढावरून

जळगावात आमच्याकडे पाहुणे आले की रात्रीच्या जेवणानंतर मला बोलावणं यायचं. यावलकडचे मामा असोत की बोदवडची आत्या, सगळ्यांना सतरा मजली, म्हणजे नगरपालिकेची ती उंच इमारत, बघायची असायची, आणि तीही रात्री, दिवे लागल्यावर. दिवसा काय, दिवसा ती बाजारात उभं राहून मान वर केली की दिसतेच. रात्री ती कुठून चांगली दिसते हे मला ठाऊक, अशी माझी घरात आणि मित्रांत ख्याती होती.

ख्याती खोटी नव्हती. मेहरूण तलावाच्या बांधावर एक जागा होती. तिथून तिचे दिवे पाण्यात उतरायचे, आणि वारा नसला तर माथ्यावरचा तांबडा दिवासुद्धा खाली पाण्यात दिसायचा. रेल्वेच्या पुलावरून ती जवळ वाटायची, इतकी की कुठल्या मजल्यावर अजून काम चालू आहे ते कळावं. नशिराबादच्या रस्त्याने गावाबाहेर आलं की मागे वळून पाहायचं. बाकीचं गाव झाडांत बुडालेलं, आणि ती एकटी उभी. आत्या तिथे बराच वेळ पदर डोक्यावर ओढून उभी राहिली आणि म्हणाली, एवढ्या वर पाणी कसं चढवत असतील. मित्र तर म्हणायचे, याचं त्या इमारतीशीच लग्न लावून द्या, हुंडा नको म्हणेल.

मी हसायचो. पण मला कुठेच फार वेळ उभं राहवत नसे. पाहुण्यांचं बघून होण्याआधीच मी सायकलची घंटा वाजवायचो. सगळे तिकडे बघत असताना मी हळूच एक डोळा हाताने झाकायचो, मग दुसरा. तांबडा दिवा दिसला की बरं वाटायचं, ते घरी पोचेपर्यंत. अंथरुणावर पडलो की वाटायचं, अंधुक तर नव्हता ना? मग दुसऱ्या रात्री आणखी लांबची जागा. त्या सगळ्या जागा मी सौंदर्यासाठी शोधल्या नव्हत्या. आणि सगळ्यात चांगली जागा मी कुणालाच दाखवली नाही.

ती जागा पाळधीच्या चढावर आहे. ती मला भाऊमुळे माहीत झाली.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. तो केळीची ट्रक चालवायचा. सकाळी बागेत घड कापायचे, दुपारभर भरायचे, आणि संध्याकाळी गाडी निघायची. केळीला दिवसाचं ऊन चालत नाही, गाडीतच पिकायला लागते, म्हणून आमच्याकडचे केळीचे ड्रायव्हर रात्रीचे. भाऊ गुजरातेत माल उतरवायचा आणि येताना मीठ नाहीतर फरश्या भरून धुळ्यावरून परतायचा. मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात होतो. शनिवारी संध्याकाळी पारोळा रोडवरच्या एका टपरीपाशी मी उभा राहायचो, भाऊ गाडी थांबवायचा, मी वर चढायचो. केबिनमध्ये तिसरे नाना असायचे. नाना भाऊचे क्लीनर, पण वयाने त्याच्याहून बरेच मोठे, धुळ्याकडचे, एके काळी स्वतः ड्रायव्हर होते. त्यांची अहिराणी, आमची यावलकडची बोली, दोघं रात्रभर एकमेकांची टर उडवायचे.

पाळधीला चहा व्हायचा. पाळधी सोडलं की चढ लागतो, आणि चढाच्या माथ्यावर गाडी आली की समोर एकदम, कितीतरी लांब, सतरा मजली. गाव दिसत नाही, रस्त्याचे दिवे दिसत नाहीत. फक्त ती. ट्रकवाल्यांत एक रीत पडली होती. केबिनमधल्या ज्याला ती आधी दिसेल त्याने म्हणायचं, "दिसली." ज्याला शेवटी दिसेल त्याने घरी पोचल्यावर ताडपत्री झाडून घडी घालायची. मिठाच्या खेपेची ताडपत्री झाडणं म्हणजे डोळ्यांना, ओठांना, हाताच्या चिरांना शिक्षा. त्यामुळे चढ आला की सगळे पुढे वाकायचे.

भाऊ नेहमी जिंकायचा. मला आधी त्याचं कौतुक वाटे. मग एकदा लक्षात आलं, तो दर वेळी एकाच ठिकाणी "दिसली" म्हणतो. रस्त्याच्या कडेला एक वाकडी बाभूळ होती. ती बाजूने गेली की भाऊचं "दिसली".

एकदा हे मनात आल्यावर बाकीचंही दिसायला लागलं. घरी संध्याकाळी तो अंगणातून आत येताना भिंतीला हात लावत यायचा. बाजेला धडकला की बल्बला शिव्या द्यायचा. ढाब्यावर आमचं जेवण आटोपलं तरी तो बसून राहायचा, एखादी गाडी जळगावकडे निघाली की उठायचा, आणि तिचे मागचे लाल दिवे धरून तिच्या मागे चालवायचा. आणि नाना रात्रभर बोलत असत ते सगळं टर उडवणं नव्हतं. "भाऊ, डावाले बैलगाडी शे." "म्होरे खड्डा शे, कुठे तुनं ध्यान?" मी त्याला ड्रायव्हर-क्लीनरची थट्टा समजत होतो.

आमच्या आईचे वडील संध्याकाळनंतर ओट्यावरून उतरत नसत. रातांधळे होते ते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. भाऊचं नाव त्यांच्याशी जोडायची हिंमत कुणात नव्हती. माझ्यात तर नव्हतीच. कारण सांगतो, आता लपवून काय करायचं. भाऊने गाडी सोडली असती तर धुळ्याचं कॉलेज सोडून स्टिअरिंग मला धरावं लागलं असतं. गाडी धरायला घरात तिसरं कुणी नव्हतं. आणि मला त्या गाडीची भीती वाटायची.

मग ती रात्र आली. पाळधीला पोचलो तर लाईट गेलेली. चहावाल्याने कंदील लावला होता. नानांना ताप होता, ते चहा घेऊन गाडीत येऊन दरवाजाला टेकले आणि झोपले. चढ चढलो. मी पुढे वाकून बघत होतो. समोर काही नव्हतं. जळगावच्या बाजूला सगळा काळोख, जसं काही तिथे गावच नाही. बाभूळ बाजूने गेली.

"दिसली," भाऊ म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता. मग त्याने विचारलं, "तुले दिसली का रे?"

"हो," मी म्हणालो. "दिसली."

त्या रात्री ताडपत्री मी झाडली. मीच शेवटी म्हणालो होतो ना.

मेहरूणचा बांध, रेल्वेचा पूल, नशिराबादचा रस्ता, हे सगळं त्यानंतरचं. जे भाऊला होतं ते मलाही होणार असेल तर आधी कळावं, म्हणून मी दर सुट्टीत रात्रीचा त्या इमारतीभोवती फिरायचो. भाऊचे डोळे डॉक्टरला दाखवू, हा विचार मनात यायचा आणि मी सायकल काढून आणखी एक जागा शोधायला निघायचो. लोकांना वाटायचं छंद आहे.

नानांच्या पुतणीचं लग्न निघालं तेव्हा ते एकदा मुद्दाम माझ्या धुळ्याच्या खोलीवर आले. आतही आले नाहीत. दारातच म्हणाले, "मी लगीनले जाई ऱ्हायनू. शनवारले तू बठजो त्याना जोडे. झोपू नको."

भाऊशेजारी बसायचं. बस, एवढंच. का झोपू नको, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आम्हा दोघांना एकमेकांचं कळलं होतं, आणि तेवढ्यावरच आम्ही दोघं सुटलो.

शनिवारी संध्याकाळी मित्राच्या खोलीवर पत्त्यांचा डाव बसला होता. एवढा हात झाला की निघतो, असं मी म्हणत राहिलो. मी विसरलो होतो असं नाही. सारखं घड्याळाकडे लक्ष होतं, पाय हलत होते, पानं चुकीची टाकत होतो, म्हणून सगळे माझ्यावर ओरडत होते. तरी उठलो नाही. त्या केबिनमध्ये बसून रात्रभर समोर बघायचं, आणि जे दिसेल ते त्याला सांगायचं, म्हणजे तुला दिसत नाही असं त्याला दर खड्ड्याला सांगायचं. ते मला नको होतं. अंधार पूर्ण पडल्यावर टपरीपाशी गेलो. टपरीवाला म्हणाला, तुमचे भाऊ आत्ता गेले. फार थांबले होते. त्यांच्या ओळखीच्या दोन गाड्या जळगावकडे निघाल्या, त्यांना म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, लहाना यायचा आहे.

ज्यांचे लाल दिवे धरून तो गेला असता त्या गाड्या त्याने माझ्यासाठी सोडल्या. मग एकटाच निघाला.

पारोळ्याच्या अलीकडे कापसाची ट्रॉली बंद पडून रस्त्याच्या कडेला उभी होती. मागे दिवा नाही, दगड लावलेले. एक माणूस चाकापाशी बसला होता. तो वाचला, पण त्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. भाऊच्या छातीला स्टिअरिंगचा मार होता. धुळ्याच्या दवाखान्यात पोलीस आले तेव्हा मी खाटेशेजारी होतो. भाऊ म्हणाला, डुलकी लागली. पोलिसाने माझ्याकडे पाहून विचारलं, हे नेहमी रात्रीचे जागतात का? मी म्हणालो, हो साहेब, झोप होत नाही त्याची. तो ट्रॉलीवाला पलीकडच्या वॉर्डात होता. मी त्याच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. त्याच्या घरचं कोणीतरी बाहेर बाकावर डबा घेऊन बसलं होतं.

गावात पसरलं ते असं, की भाऊने दारू पिऊन गाडी ठोकली. डुलकीवर कोण विश्वास ठेवतो. ज्याने आयुष्यात थेंब घेतला नाही त्याने हे ऐकून घेतलं, पण डोळ्यांचं नाव काढलं नाही. पुन्हा त्याने गाडी चालवली नाही. केळी पिकवायच्या वखारीत दिवसाचं काम धरलं. माझं कॉलेज सुटलं नाही. वखारीच्या कामावर आणि आईच्या बांगड्यांवर ते पुरं झालं, आणि स्टिअरिंग मला कधीच धरावं लागलं नाही. मला नोकरी लागल्यावर मी स्वतःचे डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत, तुमच्यात ते नाही. पायऱ्या उतरताना मला आनंद झाला. तो आनंद मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

काही वर्षांनी, दिवाळीच्या मागेपुढे, भाऊ जेवताना सहज म्हणाला, पाहुण्यांना सगळीकडे नेतो, मले कधी नेलं नही. कुठे जायचं विचारलं तर म्हणाला, पाळधीच्या चढावर.

मोटरसायकलवर त्याला मागे बसवून नेलं. बाभूळ कोणीतरी तोडली होती, खुंट होता. मी गाडी कडेला लावली. ट्रक जात होत्या, प्रत्येक ट्रकच्या उजेडात त्याचा चेहरा क्षणभर दिसायचा. तो जळगावकडे तोंड करून उभा होता, नेमका बरोबर दिशेला. मला म्हणायचं होतं ते किती वेळ तोंडात येत होतं आणि परत जात होतं. शेवटी म्हणालो, त्या रात्री, नानांना ताप होता ती रात्र, तेव्हा सतरा मजलीवर दिवे नव्हतेच भाऊ. सगळं बंद होतं. मी खोटं म्हणालो.

"मले म्हाईत होतं," तो म्हणाला. "कंदिलावर चहा पेलो ना आपण. लाईट नही एवढं तर मलेबी कळत होतं."

मी त्याच्याकडे वळलो.

"तू काय म्हणतो ते पाहत होतो. तू नही म्हणला असता तर मी तठीच गाडी बाजूले घेतली असती. माझ्यानं आपल्या तोंडानं म्हणवत नव्हतं." मग जळगावकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "तू हो म्हणला. मंग मी चालवत रायलो."

रागाने नाही म्हणाला. रागाने म्हणाला असता तर मला काही करता आलं असतं.

एक केळीची गाडी चढ चढून गेली, पानांचा वास मागे ठेवून. भाऊने विचारलं, "आता दिसते का?"

मी पुढे वाकून पाहिलं. घाई केली नाही. हवेत धूर होता, फटाक्यांचा. मी सांगायला लागलो. दिसते. पण पूर्ण नाही. खालचे मजले धुरात आहेत, ते कळत नाहीत. मधले लागलेत, त्यातही डावीकडची एक रांग बंद आहे. माथ्यावरचा तांबडा दिवा आहे की नाही, मला खात्री नाही. आहे असं वाटतं, पण खात्री नाही.

"नीट पाहून सांग," भाऊ म्हणाला.

मी पाहत राहिलो.