माझं तेरावं

सन १९९३. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा. शिक्षण दुसरी, पण माग चालवण्यात सुरतच्या अख्ख्या लिंबायतमध्ये कोणाला हार गेलो नाही. त्या साली मागाचा धोटा उडून डोळ्याखाली लागला आणि दोन महिने खाटेवर पडलो. त्यातच बायकोला शिलाई मशीन मिळाली. परदेशातल्या लोकांनी गरिबांसाठी पाठवलेली, वाटणारा आमच्या वस्तीतल्या मंडळाचा प्रमुख. मशीनच्या लाकडी फळीवर गुजराती अक्षरं रंगवलेली होती. मला वाटलं, कंपनीचं नाव असेल. ती ब्लाउज शिवायची, घर चालायचं.

मी पुन्हा कामावर गेलो आणि मंडळाच्या भिंतीवर एक छापील कागद लागला. त्यात माझ्या बायकोचा फोटो. कपाळ मोकळं, गळा मोकळा. खालचं इंग्रजी कारखान्यात हिशोब लिहिणाऱ्या मेताजीकडून वाचून घेतलं. तो आधी वाचेचना. मग म्हणाला, "विधवा लिहिलंय. नवरा मागावर मेला म्हणे."

घरी आलो. "कुंकू कोणी पुसलं?"

"मीच. प्रमुख म्हणाला, मशीन विधवांनाच आहे, फोटोपुरतं पूस. तुम्ही खाटेवर. चूल कशावर पेटवू?"

तिच्यावर काय रागावणार? राग जपून ठेवला.

रविवारी मंडळात परदेशी पाहुणे येणार होते. मी लग्नातला फेटा बांधला, चाळीतली पंधरा-वीस माणसं घेतली आणि मांडवात पत्रावळी मांडून पंगतीला बसलो.

प्रमुख धावत आला. "काका, आ शुं मांड्युं छे?"

"माझं तेरावं. मारलंस तू, आता जेवायला पण तूच घाल."

मागून कोणीतरी ओरडलं, "मयताला गोड जास्त वाढा रे!"

पाहुण्या बाईने विचारलं, काय चाललंय. मी तो कागद तिच्या हातात दिला, बायकोचा फोटो दाखवला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मेताजीने मोडक्या इंग्रजीत बाकीचं सांगितलं. बाई प्रमुखाकडे बघतच राहिली. पाहुण्यांसाठी आणलेलं पुरी-श्रीखंड त्याने स्वतःच्या हाताने आम्हाला वाढलं. मी चार वेळा मागितलं. भूक नव्हती, त्याला वाकलेलं बघायचं होतं. लोक म्हणतात, माफ करावं. आज एवढा म्हातारा झालो, नाही केलं.

आम्ही निघताना प्रमुख माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "उद्या मशीन परत आणा. फळीवर लिहिलंय, विधवांसाठी."

घरी आल्यावर म्हणालो, नेऊन त्याच्या तोंडावर फेकतो. बायको मशीनवर हात ठेवून उभी राहिली आणि आमच्या खानदेशी बोलीत म्हणाली, "हाई मशीन मनी शे. कुंकू पुसीसन आणेल शे."

तिची म्हणजे तिचीच. मी फेटा सोडून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवरची अक्षरं पॉलिश पेपरने घासून घासून काढली, तिच्या करंड्यातलं कुंकू मशीनला लावलं, मशीन रस्त्यावरून दिसेल अशी दारात ठेवली आणि कामावर गेलो.