बोर्ड हिरवा, फोन बंद

किस्से गोळा करावे लागत नाहीत. माणूस एकाच खुर्चीवर पुरेशी वर्षं बसला की ते आपणहून शेजारी येऊन बसतात. निवृत्तीच्या दिवशी ऑफिस खुर्ची ठेवून घेतं, किस्से मात्र तुमच्याबरोबर घरी पाठवतं. मी टेलिफोनच्या कंट्रोल रूममध्ये क्लार्क होतो. तिथले किस्से सांगितले की मित्र खो-खो हसतात. मीही हसतो, पण जरा उशिरा आणि खाली बघून.

*

क्रांती चौकाजवळ दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. भिंतीवर कॉम्प्युटरचा भला मोठा पडदा, त्याला आम्ही बोर्ड म्हणायचो. जिल्ह्यातलं प्रत्येक टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे त्यावरचा एक ठिपका. ठीक असेल तर हिरवा, बिघडलं तर लाल, आणि वर भोंगा. शहर तेव्हा जालना रोडनं सुसाट वाढत होतं. चिकलठाण्याला कुठल्याशा कॉलनीचा पाया खणताना जेसीबीनं एक केबल तोडली, की इकडं निम्मा जिल्हा लाल! प्रत्येक ठिपका वेगळी बोंब मारायचा, आणि आमचे पाठक साहेब प्रत्येक बोंबेची वेगळी नोंद करायला लावायचे.

एकदा मी असाच मान मोडून नोंदी करत होतो. टेक्निशियन रफिकभाई चहा घेऊन मागं येऊन उभे राहिले.

"साब, मय्यत एकीच है, रोनेवाले इत्ते हैं. तुम हर रोनेवाले का जनाजा कायकू निकालरै?"

*

मग पुण्याहून नवं सॉफ्टवेअर आलं, आणि ते शिकवायला एक तरुण इंजिनियर. तो म्हणाला, एकदम आलेल्या अलार्ममधलं मूळ कारण हे शोधतं, तेवढं एकच दाखवतं आणि त्याच्यामुळं आलेले बाकीचे अलार्म झाकून टाकतं. कशामुळं काय होतं, ते नियम मात्र आपण लिहायचे. त्याच्या तासभराच्या भाषणातलं पाठक साहेबांनी 'झाकून टाकतं' एवढंच मनावर घेतलं.

पहिला नियम साहेबांनी स्वतः केला. वीज गेली की त्या भागातले बाकीचे सगळे अलार्म झाकायचे. दुसरा नियम, वीज जाणं हा आपला दोष नाही, म्हणून तोही अलार्म झाकायचा! दुष्काळाचा उन्हाळा होता, लोडशेडिंगला धरबंध नव्हता. फोन जितके जास्त मरत, तितका बोर्ड हिरवा दिसे. मुंबईच्या मोठ्या साहेबांचा शाबासकीचा फोन आला. पाठक साहेब उभं राहून "थँक यू सर, थँक यू सर" करत असताना तोही मधेच कट झाला.

बोर्डावर काहीच दिसलं नाही.

*

नव्या कॉलनीतले एक गृहस्थ घामाघूम होऊन जिना चढून आले. "आठवडा झाला, फोन बंद आहे."

मी बोर्डाकडं बोट केलं. "आमच्याकडं तर चालू दिसतोय."

गृहस्थांनी बोर्ड नीट पाहून घेतला, खुर्ची ओढली आणि शांतपणे बसले. "मग एक करा. माझ्या मुलीचा पुण्याहून फोन येईल, तो इथंच घेतो."

संध्याकाळपर्यंत बसले होते. आम्ही दोनदा चहा पाजला. दुरुस्ती मात्र सुचली नाही.

*

फर्दापूरच्या पुढं एक वाडी आहे. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून भेटली की चहाचा आग्रह करतात आणि मला तो सोसत नाही. वाडीतलं एक्स्चेंज म्हणजे पंचायतीच्या खोलीतलं एक कपाट. या कपाटाची एक तार जमिनीत खोल पुरलेली असते, ती अर्थिंगची. तो खड्डा ओला ठेवावा लागतो. कोरडा पडला की यंत्र चक्रावतं आणि बंद पडतं. त्या वर्षी वाडीत प्यायला पाणी नव्हतं, तर खड्ड्याला कुठलं? एका दुपारी ठिपका लाल झाला आणि लालच राहिला.

आणि वाडीची सगळी मदार त्या फोनवर. सकाळ-संध्याकाळ तहसीलला फोन करून रेटलं तरच टँकर यायचा. नाही रेटलं, तर तो दुसऱ्या गावाकडं वळायचा. सरपंच कौसाबाईंनी अर्धा दिवस चालत फर्दापूरला जाऊन आम्हाला फोन केला.

"साहेब, पाण्याबिगर फोन चालंना, आन फोनबिगर पाणी येईना. आधी कोन्तं करू तेवढं सांगा."

मी पाठक साहेबांना विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, ते तसंच्या तसं मी रिसीव्हरमध्ये बोललो, "खड्ड्यासाठी पाण्याची व्यवस्था स्थानिक पातळीवर करावी."

पलीकडं बाईंनी 'स्थानिक' हा शब्द एकदा पुटपुटून पाहिला. मग, "स्थानिक म्हंजी आमीच ना?"

"व्हय," मी म्हणालो. त्यांच्या बोलीत बोललो, एवढीच माझ्याकडून मदत.

*

साहेबांनी तिसरा नियम लिहिला. वाडीचा अलार्म दुपारी आला तर तो लोडशेडिंगमुळं आला असं धरायचं. म्हणजे झाकायचं. ठिपका हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. मग एक दिवस कौसाबाईच ऑफिसात आल्या. साहेबांनी लगबगीनं त्यांना बोर्डासमोर नेलं. "बघा बाई, आमच्याकडं सगळं रेकॉर्ड आहे."

"ह्यात आमची वाडी कुठंय?"

रफिकभाईंनी ठिपका दाखवला. बाई पदर सावरत जवळ गेल्या, निरखून पाहिलं.

"हिरवं हाय की! साहेब, आख्ख्या शिवारात एवढंच हिरवं ऱ्हायलंय बघा."

ऑफिसात कोणी हसलं नाही. पाठक साहेबांनी जीप काढायला सांगितली.

*

जीपमध्ये आम्ही ऑफिसच्या कूलरचे पाण्याचे जार टाकले. वाडीत पोचलो तेव्हा पंचायतीसमोर रिकाम्या हंड्यांची रांग होती आणि भिंतीच्या सावलीला बाया बसल्या होत्या. टँकर बरेच दिवस फिरकला नव्हता. त्यांच्यासमोर रफिकभाईंनी जार उघडला आणि आम्ही ते गार, स्वच्छ पाणी अर्थिंगच्या खड्ड्यात, जमिनीत ओतलं. बुडबुड आवाज होत होता. बाया त्या खड्ड्याकडं बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

कपाटावरचा दिवा लागला. कौसाबाई आत धावल्या, तहसीलला फोन लावला. लागला! पलीकडचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू येत होता.

"बाई, इतके दिवस तुमच्या वाडीचा फोनच नाही. आम्ही धरलं की तुमच्याकडं टंचाई संपली!"

पाठक साहेब बुटाच्या टोकानं माती उकरत राहिले. कौसाबाईंनी तिथूनच ओरडून सांगितलं, "सांच्याला धाडत्यात टँकर!" हंड्यांची रांग उठून उभी राहिली.

तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत आमच्याकडं आली. हातात तांब्या. ओल्या मातीकडं तिनं बराच वेळ पाहिलं.

"कोन्तं झाड लावलं, बाबा?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी रफिकभाईंकडं. रफिकभाईंनी जाराचं झाकण लावायला घेतलं, ते काही नीट बसेना.

म्हातारीनं तांब्यातलं तळाचं पाणी हळूच त्या खड्ड्यात ओतलं.

"कोन्तं का असंना," ती म्हणाली, "जगू द्या."