चावी जागेवरच होती

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ट्रॅक्टरची हवा काढणं. डिझेलचा फिल्टर बदलला की पाईपात हवा राहते, ती काढल्याशिवाय इंजिन धरत नाही. मी खाली बसून नट सैल करायचा, बायकोनं सीटवर बसून चावी मारायची, अशी आमची पद्धत. ट्रॅक्टर लहान आहे, तंबाखूच्या ओळींतून कोळपणीला, म्हणजे तण काढायला, चालणारा. काम अर्ध्यात असताना तिनं चावीच काढली आणि कमरेला खोचली.

"दिस बुडाय आलाय. आदी जेवा."

"अगं दोन मिन्टाचं काम हाय. दे चावी."

"तुमची दोन मिन्टं मला ठावं हाईत. ट्रॅक्टर काय पळून जातोय व्हय?"

आम्ही जैन. दिवस बुडाल्यावर आमच्यात जेवत नाहीत. मुकाट उठलो, जेवलो. मग तिनं चावी दिली आणि ट्रॅक्टर चालू झाला.

त्याच आठवड्यात ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं...

भूतखेत, अंगात येणं असलं मी कधी मानलं नाही. अंगारा घेऊन आलेल्या माणसाला मी दारातनंच परत लावतो. सातवी शिकलेला माणूस आहे, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या. पण घडलं ते असं.

आमचं शेत निपाणी-चिकोडी रस्त्यापासून आत, ओढ्याला लागून. ती गेल्यावर मी अंधार पडेपर्यंत शेतातच थांबायला लागलो. घरात एकट्यानं ताटावर बसायला नको वाटायचं. अंधार पडला की नेम आडवा येतो — जेवायचा प्रश्नच मिटला! तसंच जाऊन पडायचं. सकाळी चहात भाकरीचा तुकडा, तेवढंच. कंबरेला पॅन्ट राहीना, पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलं. चालताना डोळ्यापुढं अंधारी यायची. शेजारीच धाकट्या भावाचं घर आहे. त्याची बायको सुनंदा रोज माझं ताट वाढून ठेवायची आणि शेवटी ते म्हशीपुढं जायचं.

"आण्णा, नेम काय उपाशी मरायला दिलाय व्हय?" ती दारातनं ओरडायची. "आक्का असती तर असं केलं असतासा?"

"तू तुझं बघ," म्हणायचो मी.

त्या दिवशी कोळपण चालू होती. सूर्य ओढ्यापलीकडच्या बाभळींकडं कलला होता, बुडायला तासभर तरी होता. आणि ट्रॅक्टर गप्पकन बंद पडला. डिझेल संपलं की इंजिन आचके देतं, तसं काही नाही. कुणी चावी फिरवून बंद करावा, तसा.

चावी जागेवरच होती. फिरवली. स्टार्टरची टक नाही की काही नाही. समोरचे दिवेसुद्धा लागेनात. क्लच दाबून बघितला, गिअर न्यूट्रलला आहे का बघितलं, बॅटरीच्या वायरी काढून खरवडून परत आवळल्या, फ्यूज बदलला. ढिम्म. कंपनीपासनं मेकॅनिकपर्यंत सगळ्यांना शिव्या घातल्या. शेवटी करायला काही उरलं नाही म्हणून चालत घरी निघालो.

पोचलो तेव्हा सुनंदाच्या भिंतीवर अजून ऊन होतं. घरातली सगळी जेवायला बसलेली. तिनं माझ्याकडं बघितलं. पाट सरकवला, ताट मांडलं. मेथीची भाजी आणि गरम भाकरी. पहिली संपली तशी न विचारता दुसरी टाकली. दुसरीचा घास तोंडात असतानाच मला आठवलं... चावी कमरेला खोचून उभी राहिलेली ती. घास तसाच राहिला. मग गिळला आणि तिसरी मागून घेतली.

सकाळी निपाणीहून मेकॅनिक आला. ट्रॅक्टरवर बसला, चावी फिरवली — एका दमात चालू!

"आप्पा, काल चावी लावलीती न्हवं? का खिशातच ठिवून फिरवत बसलासा?"

"लई शाणा हाईस. बघ नीट."

त्यानं मीटर लावून बॅटरी बघितली, फुल. वायरी ठणठणीत. मग त्याला सीटखालचं बटण सापडलं. माणूस सीटवर नसला तर ते इंजिन बंद करतं. "तुमचं वजनच उरलं न्हाय आप्पा. ट्रॅक्टरला वाटलं, वर कोण न्हाईच!" म्हणून खो खो हसला. पण तो माझ्यापेक्षा काटकुळा, आणि त्याच्याखाली ट्रॅक्टर मजेत धडधडत होता. शिवाय दिवे का गेले विचारलं तर डोकं खाजवायला लागला. "त्यांचा या बटणाशी संबंध न्हाय," म्हणाला आणि गेला.

नंतर तो ट्रॅक्टर तसा कधी बंद पडला नाही. कुणाला कारण ठाऊक असेल तर सांगा, ऐकून घेईन. मला तरी सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी फार शोधतही नाही.

त्या सकाळी मेकॅनिक गेल्यावर मी सुनंदाच्या दारात गेलो.

"सांजला काय करणार हाईस?"

"आमटी. का?"

"दोन भाकरी जादा थाप."

ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आक्कासारखी आमटी मला जमत न्हाय हं, आण्णा."

"तिच्यासारखी करूच नगं. तुझ्यासारखी कर."

मग शेतात गेलो आणि कालची राहिलेली ओळ पुरी केली.