हळकुंडाचं तर्पण

आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या रामकुंडावर क्रियाकर्मं चालतात, पण जिवंत जिवाचं तर्पण करण्याचा मान मलाच जातो. तो जीव मासा होता.

मासा माझ्या मुलीचा, मुक्ताचा. बोटाएवढा, पिवळाधमक, गालावर हिरवट रेघा, पाठीवरच्या परावर दृष्ट लागू नये म्हणून लावल्यासारखे काळे ठिपके. नाव हळकुंड. मूळचा उष्ण समुद्रातला, प्रवाळाच्या कडेने वाळूवर हिंडणारा. आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतही तो दिवसभर दगड टोचत किडे शोधायचा आणि तिन्हीसांजेला वाळूत शिरून झोपायचा. (घरात वेळेवर झोपणारा तो एकटाच.)

मुक्ता नोकरीच्या मुलाखतीसाठी पुण्याला निघाली तेव्हा म्हणाली, "बाबा, टाकीत हात घालायचा नाही. आणि काही वाईट झालं तर लगेच सांगायचं. आजोबांच्या वेळेसारखं करू नका."

आजोबा गेले तेव्हा तिची परीक्षा होती आणि मी तीन दिवस तिला कळू दिलं नव्हतं. त्याबद्दल ती तेव्हा पहिल्यांदाच बोलली. मी खाली मान घालून शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी पूजा करताना मला वाटलं, समुद्राचा जीव, घरच्या आठवणीने कासावीस होत असेल. देवघरातला शंखही समुद्रातलाच. म्हणून टाकीसमोर उभा राहिलो, डोळे मिटले आणि चांगला दमसास लावून शंख फुंकला. डोळे उघडले तर मासा गायब.

"वाळूत गेला असेल," माझी बायको सुलभा म्हणाली.

"भर सकाळी? तो संध्याकाळी झोपतो."

"मग उकरून बघा की."

"हात घालायचा नाही, सांगितलंय तिने."

टाकीवरची जाळी जागेवर होती. दुपार झाली, संध्याकाळ झाली, दुसरी सकाळ उजाडली. शंखाच्या आवाजाने त्याचा जीव गेला, म्हणजे मीच तो घेतला, याची मला खात्री पटली. रामकुंडावर गेलो, दक्षिणेकडे तोंड करून तीळ-पाणी सोडलं. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात, तसं म्हटलं. डोळे खरोखर भरून आले.

मग घाटावरूनच शब्द पाळला. "मुक्ता, हळकुंड गेला. तर्पण करूनच फोन करतोय."

"तर्पणही झालं?" एवढंच बोलून तिने फोन ठेवला. बाबा खात्रीशिवाय तीळ हातात घेत नाहीत, असा तिचा विश्वास. तिची मुलाखत अर्ध्या तासावर आली होती.

घरी येऊन टाकीसमोर बसलो. वाळू जराशी हलली. आधी एक तोंड वर आलं, मग अख्खा हळकुंड बाहेर पडला आणि काही घडलंच नाही अशा थाटात दगड टोचू लागला. मी मुक्ताला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. गेल्या वेळी खरं लपवलं, या वेळी खोटं कळवलं, आणि दोन्ही वेळा माझ्यामुळे पोर रडली. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. "पहिल्या प्रश्नाला मला तोंडच उघडता आलं नाही," म्हणाली आणि दगड टोचणाऱ्या हळकुंडाकडे वळली. "बाबा, क्रिया झालेला माणूस जिवंत परत आला तर शास्त्रात काय करतात?"

"नवा जन्म झाला असं धरून सगळे संस्कार पुन्हा करतात."

"मग करा."

तिचा चेहरा इतका गंभीर होता की मी मुकाट्याने सोवळं नेसलो. सुलभाने घुगऱ्या केल्या. आत्याचा मान मुक्ताने घेतला आणि नाव तेच ठेवलं. कानात ते सांगायचं काम माझ्याकडे आलं. माशाचा कान काही सापडेना, तेव्हा काचेला तोंड लावून मी खणखणीत आवाजात म्हणालो, "हळकुंड!"

तो तत्क्षणी वाळूत.

मुक्ता हसली, आल्यापासून पहिल्यांदा. "आता काय करणार, बाबा?"

त्याला आज दुसरा दिवस. मी टाकीसमोर खुर्ची टाकून बसलो आहे आणि सुलभाने तिळाचा डबा कुलपात ठेवला आहे.