राखाडी धूळ, काळा कापूस

पनवेलच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी वीसेक वर्षं लोकांचं रक्त काढते आहे, आणि मला राग लवकर येतो हे माझ्या पेशंटांना चांगलं ठाऊक आहे. उपाशीपोटी या म्हटलेलं असताना चहा-खारी खाऊन आलेल्या माणसाला मी आल्या पावली घरी पाठवते. "ताई, अर्धाच कप घेतला हो," असं काकुळतीला येऊन सांगतात. अर्ध्या कपात साखर नसते का? पण शीर मला पहिल्या प्रयत्नात सापडते, म्हणून म्हातारी माणसं ओरडा खाऊनही माझ्याच खुर्चीसाठी थांबतात. याचा मला अभिमान आहे, उगाच कशाला लपवू?

हा अभिमान घरातूनच आलेला. आमचं गाव करंजाड्याला लागून. बाबांचं तरुणपण मिठागरात गेलं, मग भातशेतीत, आणि नव्या वसाहतीसाठी शेत गेलं तेव्हा ते पासष्टी ओलांडून बसले होते. करायला काम उरलं नाही. घरात आई, भाऊ, वहिनी, त्यांच्या दोन मुली, बाबा आणि मी अशी सात माणसं. मी लग्न केलं नाही, आणि त्यावर आता गावानंही बोलणं सोडलंय. तर या सात माणसांच्या आंघोळीचं पाणी तापवणं हे काम बाबांनी स्वतःहून अंगावर घेतलं.

मागच्या पडवीत आमचा जुना तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, खाली तोटी. बाबा पहाटे पाचला त्याच्याजवळ पाट घेऊन बसत ते आठपर्यंत. मला सातला लॅब उघडायची असायची म्हणून पहिली बादली माझी. "चल गो, पानी झालं," अशी हाक आली की उठायचं. मग भाऊ, मुली, वहिनी, आई, आणि सगळ्यात शेवटी ते स्वतः. एखाद्या दिवशी पाणी कोमट निघालं तर त्यांचा चेहरा उतरायचा. गॅसचं नाव काढलं की म्हणायचे, "त्या पान्यानं अंग शेकत नाय."

सरपणाची कमी नव्हती. २०१०च्या पुढेमागे करंजाड्यात जिकडे बघावं तिकडे इमारती चढत होत्या. स्लॅबखालून निघालेल्या प्लायच्या फळ्या, तेल लावलेल्या रिपा, रंग दिलेल्या जुन्या चौकटी यांचे ढीग पडलेले असत. बाबा सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन यायचे. चांगलं लाकूड वाया जातंय हे त्यांना बघवायचं नाही. गावातल्या अर्ध्या घरांचे बंब त्याच फळ्यांवर चालत.

त्याच सुमारास गावाच्या टोकाला काँक्रीट तयार करायचा एक प्लांट आला. दिवसभर मिक्सरच्या गाड्या, आणि पानांवर, कौलांवर, गच्चीत वाळत घातलेल्या सुकटीवर पीठ भुरभुरावं तशी पूड. आई सुकट धुऊन धुऊन वैतागली. बाबा मात्र लढायला उभे राहिले. रोज गच्चीवर जाऊन कर्नाळ्याचा सुळका दिसतो की नाही ते बघायचे. न दिसलेल्या दिवशी कॅलेंडरवर फुली. गच्चीवरची धूळ कुंच्याने गोळा करून वाण्यासारखी कागदाची पुडी बांधायचे आणि तक्रारीच्या अर्जाबरोबर ती घेऊन सरकारी ऑफिसात जायचे. एकदा मी बरोबर होते. साहेबांच्या टेबलावर, फायलींच्या मधोमध, त्यांनी पुडी उघडली.

"रंग बघा साएब. आमची माती तांबूस हाय. लाकडाची काजळी असती तर काळी असती. ही राखाडी हाय. मंग ही कोनाची?"

साहेबांना शिंक आली. पण अर्जावर शिक्का बसला, आणि बाहेर येताना मी बाबांचा झोळा उगाचच माझ्या हातात घेतला.

त्या वर्षी दिवाळीनंतर बाबांचे पाय सुजायला लागले. मिठागरात गुडघे गेले, त्याचीच सूज, असं म्हणून ते मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून खात होते. मी रक्त काढलं आणि स्वतःच मशीनला लावलं. किडनी कशी चाललीय ते सांगणारं क्रिएटिनिन वाढलेलं आलं. एरवी मशीनवर शंका घेणाऱ्यांना मी उभं करत नाही. त्या दिवशी मी तोच नमुना तीनदा लावला. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं, आणि मी मागच्या खोलीत जाऊन बसून राहिले.

किडनीच्या डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, रक्तदाबाचं औषध दिलं, मीठ कमी करायला सांगितलं. ज्या माणसानं तरुणपण मीठ काढण्यात घालवलं त्याला हे सांगणं म्हणजे कमालच. मग त्यांनी विचारलं, "धुराधुळीत असता का?" झालं! बाबांनी प्लांटचं सगळं पुराण लावलं. डॉक्टरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"हवेतले अगदी बारीक कण फुप्फुसातून रक्तात उतरतात," ते म्हणाले, "आणि रक्त गाळायचं काम किडनीचं. त्यानंच झालं असं मी म्हणणार नाही, गोळ्या आहेत, रक्तदाब आहे, वय आहे. पण या वयात किडनीवरचं एकेक ओझं उतरवायचं. अशीच घसरत गेली तर पुढं डायलिसिस आहे."

परत येताना बाबा रिक्षात एकच म्हणाले, "प्लांट बंद झाला पायजे." मीही मान हलवली. बंबाचं नाव ना त्यांच्या तोंडी आलं, ना माझ्या. मी तर लॅबवाली, आणि रोज त्याच बंबाच्या पाण्यानं आंघोळ करून कामाला जात होते.

महिन्याने पुन्हा रक्त तपासायचं होतं. जानेवारीची सकाळ होती. बाबा बंब सोडून उठेनात, म्हणून मी सामान घेऊन पडवीतच त्यांच्यापुढे बसले. डोळे झोंबत होते. पट्टा बांधला, कोपराच्या खळग्यावर स्पिरिटचा कापूस फिरवला. कापूस काळा झाला. मी दुसरा घेतला. तोही काळा.

"बघ," बाबा म्हणाले. "प्लांट."

"बाबा, प्लांटची धूळ राखाडी असते. तुमीच सांगितलंत साहेबांना."

त्यांनी कापूस उलटून बघितला. मी तिथंच थांबायला हवं होतं, पण माझी जीभ कधी थांबलीय? बंबाच्या नळीत त्या वेळी निळ्या रंगाच्या चौकटीचा तुकडा जळत होता आणि त्याचा रंग फुगून फुटत होता. "ही पुडी कुठल्या साहेबांच्या टेबलावर उघडणार?" मी म्हटलं. "प्लांट पाचशे पावलांवर आहे, हा तुमच्या नाकाखाली आहे! रोज तीन तास!"

बाबांनी मला रक्त काढू दिलं. मग तोटीखाली बादली सरकवली. "पानी झालंय. जा," एवढंच म्हणाले.

मी आंघोळ न करता लॅबला गेले. पुढचे चार दिवस बंब तसाच पेटत होता आणि मी हट्टानं गार पाणी अंगावर घेत होते. हाक येत नव्हती. मला राग होता, पण त्याहून जास्त भीती होती. किडनी वाचवायची तर हे काम त्यांच्या हातातून काढून घ्यावं लागणार होतं, आणि त्यांच्या हातात दुसरं काही उरलंच नव्हतं. आई म्हणाली, "दोगं एकाच मातीची. कोन वाकेल ते बघतेय मी."

पाचव्या दिवशी रविवार होता. बाबांच्या अर्जांना यश येऊन एक अधिकारी आणि प्लांटचे मॅनेजर देवळापुढच्या पटांगणात गावकऱ्यांशी बोलायला आले होते. सगळं गाव जमलं. मॅनेजर तयारीनं आले होते. "सकाळी सहाला या गावावर बघा," ते म्हणाले, "धुराचा ढग असतो. घरोघरी प्लाय जाळता आणि नाव आमचं घेता." एकदम गलका झाला. कोण जाळतो, दाखवा, गावाची बदनामी करता का? ज्यांच्या पडवीत फळ्यांची थप्पी होती तेच सगळ्यात मोठ्यांदा ओरडत होते.

बाबा उठले. सदऱ्याच्या खिशातून दोन पुड्या काढल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या.

"ही राखाडी. ही तुमची," ते मॅनेजरना म्हणाले. मग दुसरीवर बोट ठेवलं. "ही काळी. ही माज्या पडवीच्या भिंतीवरनं खरवडलीय. ही माजी. माजी किडनी कमी झालीय, आनि कुठल्या धुरानं किती खाल्ली ते डाक्टरला पन सांगता येत नाय. म्हनून उद्यापासून माजा बंब बंद. आता तुमी तुमचं बोला."

गावातल्या दुसऱ्या कुणाकडे त्यांनी बोट दाखवलं नाही. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते आणि मला रडू आलं, अगदी सगळ्यांदेखत. चार दिवस मी ज्या माणसाला हट्टी म्हणत होते, त्यानं भरल्या गावात स्वतःची चूक टेबलावर मांडली होती. असा बाप मी दुसरा पाहिलेला नाही.

मॅनेजरना आता मागं सरायला जागा नव्हती. प्लांटभोवती उंच पडदे लागले, रस्त्यावर पाणी मारायला टँकर आला, गाड्यांची चाकं धुऊन निघू लागली. धूळ पूर्ण थांबली नाही. गावातले बंबही एका दिवसात विझले नाहीत. आमच्या शेजारच्यांचा आणखी वर्षभर धुमसत होता आणि त्यावरून माझी त्यांच्याशी तीन भांडणं झाली.

आमच्याकडे गीझर लागला. त्याचं बटण बाबांशिवाय कुणी दाबायचं नाही असा नियम त्यांनीच केला, आणि पाचला उठून ते बटणाजवळ पाट टाकून बसू लागले. "चल गो, पानी झालं," ही हाक पुन्हा सुरू झाली. पाणी कितीही कढत असलं तरी अंग शेकत नाही ही तक्रार कायम राहिली. बंब त्यांनी चिंच लावून लखलखीत घासला आणि ओटीवर ठेवला. नव्या इमारतीतल्या एका बाईंनी शोभेसाठी तो मागितला. बाबा म्हणाले, "तो मेलेला नाय, रिटायर झालाय."

दर तीन महिन्यांनी ते लॅबमध्ये येऊ लागले. बिघडलेली किडनी पूर्ववत होत नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. पण आकडा जिथं होता तिथंच टिकून राहिला. डॉक्टर म्हणाले, टिकला हेच खूप आहे. डायलिसिसचं नाव पुन्हा निघालं नाही.

मुलगी लॅबमध्ये आहे म्हणून मधे घुसणं त्यांना चालत नाही. रांगेत बसतात, नंबर आला की बाही वर करतात. मी स्पिरिटचा कापूस फिरवला की तो माझ्या हातातून काढून घेतात, खिडकीच्या उजेडात धरतात, दोन्ही बाजूंनी बघतात, आणि बाकावरच्या म्हाताऱ्यांना दाखवतात. मागं रांग खोळंबलेली असते. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला खुर्चीतून उठवलं असतं. मी सुई हातात धरून उभी राहते.

"पांढरा हाय," बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, आणि मग हात माझ्यापुढे करतात. "आता टोच."