रतनच्या फोनमधला खवला

चेंदणी कोळीवाड्याची रतन मला घरपोच मासे देते. बिघडलेली वस्तू ती स्वतःच उघडून बसते. मागे एकदा तिचा फोन चार्ज होईना, आणि कल्याणला लेकीचं बाळंतपण अगदी तोंडावर आलेलं. माझ्या दारात बसून तिने सेफ्टी पिनने चार्जिंगचं भोक कोरलं. माशाचा खवला निघाला, पण पिनेचं टोक आतच मोडलं.

"गो बाय, आता पोरीचा फोन कसा येल?"

मुलाने मला दिलेली वायरलेस चार्जरची चकती मी आणली. रतनच्या जावयाने तिला घेऊन दिलेला तो भारी फोन चकतीवर ठेवताच उजळला. दुपारी नात झाल्याचं कळलं.

"बरी हाय ही चकती. भोकच नाय, तं खवला जाईल कुठशी?"

गुरुवारी मी मासे घेत नाही. तरी रतन आता त्या दिवशीही येते, फोन चकतीवर ठेवते आणि नातीचे फोटो दाखवते.