शेजाऱ्याचे नवे बल्ब

शेजारच्या देसाईंनी रविवारी पार्किंगमध्ये स्वतःच गाडीच्या हेडलाइटचे बल्ब बदलले. जुने पिवळसर काढून पांढरेफेक एलईडी बसवले. मी शेजारी उभा राहून कौतुकही केलं.

मंगळवारी संध्याकाळी माझी बायको भाजी घेऊन स्कूटरवरून परत येत होती. सोसायटीच्या गेटपाशी देसाईंची गाडी समोरून आली. त्या झोतात तिला काहीच दिसेना. स्कूटर कठड्यावर आदळली आणि तिचं मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर देसाई खाली पार्किंगमध्ये भेटले. "वाईट झालं हो," ते म्हणाले, "पण खरं सांगू? आता मला रस्ता काय लख्ख दिसतो!"

माझं डोकंच फिरलं. मला दिसतं! हल्ली प्रत्येकाला तेवढंच पुरतं. समोरून येणाऱ्यालाही डोळे असतात, त्यालाही धड घरी पोचायचं असतं, हे कुणाच्या गावीही नसतं.

"किल्ली द्या," मी म्हटलं, "आणि जरा गाडीपुढे उभे राहा."

त्यांना ती गंमत वाटली. हसत हसत ते उभे राहिले. मी आत बसून दिवे लावले. देसाईंनी चटकन डोळ्यांवर हात धरला आणि ते चाचपडत मागे सरकले.

"अहो, बंद करा! काही दिसत नाहीये!"

मी लगेच बंद केले नाहीत. ते दुसऱ्यांदा ओरडले, तेव्हा केले.

देसाईंनी जुने बल्ब परत बसवले आहेत. माझ्याशी बोलणं मात्र टाकलंय. टाकू देत. बायकोला अजून स्वतःची वेणी घालता येत नाही.